सासुरवाडीचा गुलाब

पाणीपुरवठा केंद्रातले लोक माझ्या वडलांना 'वीतभर मास्तर' म्हणत. ते मास्तर नव्हते, माळी होते. केंद्राच्या बागेचे मुख्य माळी, म्हणजे हाताखाली कुणीच नसलेले मुख्य. पण छाटणीच्या दिवसांत ते गुलाबाच्या बुंध्याशी उजवा पंजा ताणून धरत, अंगठा मातीला, करंगळी वर, आणि करंगळीच्या टोकाशी सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, लावत. खाली वीतभर उरायचं, वरचं सगळं जमिनीवर. बघणारा हळहळायचा. दोन महिन्यांनी त्याच थोटकांवर अशी फुलं येत की तोच बघणारा सल्ला विचारायला येई. होता होता त्यांच्या वितीला आमच्याकडे कायद्याची किंमत आली, आणि तिला उलट विचारायची कुणाची छाती होईना.

मी छापखान्यात प्रूफं वाचते. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. तरी घरातली एक चूक अठरा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर उभी होती आणि मला ती दिसली नाही. त्यामुळे बाबांना बोल लावताना मी जरा आवाज खाली ठेवते.

बाग होती पंपघर आणि गाळणीच्या टाक्यांच्या मधे. दोनशे बारा गुलाब. शाळेची सहल येवो, वरचे साहेब येवोत, साहेबांची पाहुणेमंडळी येवोत, बाबा सगळ्यांना फेरी घडवत. पंपांची घरघर चालूच असायची, म्हणून ते मोठ्यानं बोलत, आणि मोठ्यानं बोलणाऱ्या माणसाला आपलं बोलणं फार आवडू लागतं, तसं त्यांचं झालं होतं.

"हा हायब्रिड टी," ते पहिल्या वाफ्याशी थांबून म्हणत. "एका दांड्यावर एकच फूल, टपोरं, मान ताठ. हा घरातला थोरला जावई. खत वेळेवर, पाणी वेळेवर, कौतुक वेळेवर. एक दिवस चुकलात की तोंड पाडून बसलाच म्हणून समजा."

मग फ्लोरिबंडा. "फूल लहान, पण घोसानं येतं. हे एकत्र कुटुंब. एक कोमेजलं तर चार उभी असतात, वाफा कधी रिकामा दिसत नाही. जवळून पाहिलंत तर एकेकात खोट सापडेल. म्हणून लांबून बघायचं."

कमानीवरच्या वेल-गुलाबापाशी ते हातानं फांदी वाकवून दाखवत. ती उभी वाढू दिली तर शेंड्याला चार फुलं धरते, आडवी बांधली तर डोळ्याडोळ्यातून फुटते. "माणसाचंही तेच. जरा वाकवा, मग कामाला लागतो." कुंड्यांमधले मिनिएचर गुलाब हे शेंडेफळ: पान लहान, फूल लहान, रुसवा मात्र पूर्ण मापाचा. टाकीच्या कडेचे झुडूप-गुलाब म्हणजे आत्याबाई: कुणी विचारा न विचारा, ठणठणीत, आणि दर महिन्याला हजर.

शेवटी फेरी आमच्या क्वार्टरच्या मागच्या कोपऱ्यात यायची. तिथं कुंपणाच्या भिंतीलगत एक झुडूप उभं असे, हिरवंगार, अंगभर सुया. त्याच्यावर फूल नसे, कळीही नसे. बाबा जरा थांबत, घसा साफ करत आणि म्हणत, "आणि ही आमची सासुरवाडी. नुसते काटे!"

हशा हमखास. मोठे साहेब तर वाक्य पुरं व्हायच्या आधीच हसायला लागत, इतकं ते त्यांना पाठ होतं.

तो गुलाब आईच्या माहेरचा होता. मी आठ वर्षांची असताना आजोळचं घर विकलं गेलं. वाटणीत मामाला कपाट आलं, मावशीला शिवणयंत्र. आईनं भिंतीवरच्या गुलाबाची एक मुळकांडी ओल्या पोत्यात गुंडाळून आणली आणि एसटीत तिकिटाच्या सीटवर तिला बसवून स्वतः उभी राहिली. "आमच्याकडे याच्या फुलांनी भिंत दिसायची नाही," असं ती येताजाता सांगे. बाबा म्हणत, "अगं, माहेरच्या भिंती सगळ्यांच्याच फुलांनी झाकलेल्या असतात."

पहिल्या वर्षी बाबांनी तो वीतभर ठेवून कापला, कारण नवं झाड कापायचंच असतं. फूल आलं नाही. दुसऱ्या वर्षी, फुलला नाही म्हणून, जरा जास्त कापला. आळशी गुलाबाला औषध एकच, कात्री, हा त्यांचा अनुभव. तिसऱ्या वर्षी आणखी खाली. दर पावसात तो पुरुषभर उंच फांद्या टाकायचा आणि दर थंडीत बाबा त्या भुईसपाट करायचे. खत तेच, पाणी तेच. उलट, बायकोचं झाड म्हणून दोन घमेली जास्तच. सगळं केलं आणि तो फुलला नाही, म्हणून एके दिवशी त्यांनी निकाल दिला: झाड वांझ आहे. मग तो विनोद सुरू झाला.

पहिली काही वर्षं आईही हसायची. मग कधीतरी असं झालं की फेरी कोपऱ्याकडे वळली की ती चहा टाकायला आत जायची. चहा पिणारं कुणी नसलं तरी टाकायची. मी ते पाहत होते. तेव्हा मी त्याचा अर्थ लावला नाही, याचा मला आजही राग येतो.

बाबांच्या निवृत्तीला चार महिने राहिले तेव्हा दोन कागद आले. एक, निवृत्तीच्या महिनाअखेर क्वार्टर सोडायचं. दुसरा, नवं पंपघर बांधायचं म्हणून मागची कुंपणभिंत पाडणार, आम्ही गेल्यानंतरच्या सोमवारपासून. आम्ही घेतलेलं घर दुसऱ्या मजल्यावर, गच्ची टीचभर. बाबांनी मोजमाप करून सांगितलं, सहा मोठ्या कुंड्या मावतील. कुठले सहा गुलाब न्यायचे याची यादी त्यांनी आठवडाभर केली, खोडली, पुन्हा केली. लग्नाच्या याद्याही इतक्या खोडत नाहीत.

आईनं यादी वाचली आणि विचारलं, "आणि तो?"

"त्याला कशाला? जागा अडवायला?"

आईनं यादी घडी घालून डब्याखाली ठेवली आणि त्या दिवसापासून घरात दोघांचं बोलणं 'मीठ द्या' आणि 'दार लावा' इतकं उरलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात भांडणं पुष्कळ पाहिली होती मी. हे भांडण नव्हतं, म्हणून मला भीती वाटली. एकदा भांडी घासताना ती मला म्हणाली, "ते झाड पडलं ना, की मी काही दिवस तुझ्या मावशीकडे जाऊन राहीन." किती दिवस, ते तिनं सांगितलं नाही, आणि मला विचारवलं नाही.

त्याच आठवड्यात बाबा कमानीवरून पडले. वेल-गुलाबाची फांदी बांधत होते, शिडी सरकली, उजवं मनगट मोडलं. दोन महिने प्लास्टर. छाटणी आठ दिवसांवर आलेली, आणि ज्या पंजाची वीत साऱ्या केंद्रात प्रसिद्ध, तोच गळ्यात झोळी घालून बसला.

मामा त्यांना बघायला आला. मामाला गुलाब आणि गवार यांतला फरक कळत नाही, पण गप्प बसायची सवय नाही. मागच्या दारात उभा राहून तो म्हणाला, "अरेच्चा, हा आपला भिंतीवरचा? दाजी, हा एवढासा कसा? आमच्याकडे तर छपरावर गेला होता."

"तुमच्याकडे सगळंच डोक्यावर चढलेलं होतं," बाबा म्हणाले. "कापत नव्हता ना कुणी."

"कोण कापणार? त्या सुया! कुणी हात लावायचं नाही त्याला. वर्षातून एकदा मात्र असा फुलायचा, पंधरा-वीस दिवस, की घरात बोललेलं ऐकू यायचं नाही, एवढ्या मधमाश्या. मग पुन्हा वर्षभर काही नाही."

"मीही सांगितलं होतं," आई आतून म्हणाली. "पहिल्याच वर्षी. आमच्याकडे याला कुणी कापत नाही म्हणून."

"म्हणून तर रान माजलं होतं," बाबा म्हणाले. आणि मग, मेहुण्यासमोर हार जाऊ नये म्हणून असेल, त्यांनी जोरात सांगून टाकलं, "हे बघ, यंदा फुलू दे त्याला. एक फूल दाखवू दे. सहापैकी एक कुंडी मी स्वतः रिकामी करतो. नाही फुलला तर पुन्हा माझ्यापुढे त्याचं नाव काढायचं नाही."

आई दारात आली. "ठरलं?"

"ठरलं."

मी कोपऱ्यात प्रूफं तपासत बसले होते. लाल शाईचं पेन माझ्या हातात तसंच राहिलं. कुणी कापत नाही, आणि तो फुलतो. आम्ही कापतो, आणि तो फुलत नाही. दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या तर आंधळ्यालाही दिसलं असतं. बाबांचे बाकी बहुतेक गुलाब नव्या फुटीवर फुलतात. कापलं की नवी फूट, नव्या फुटीला फूल. हा जर मागच्या वर्षीच्या फांदीवर फुलणारा असला, तर बाबा दर थंडीत फांद्या कापत नव्हते, फुलं कापत होते.

हे त्यांना सांगायला मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांनी प्लास्टरचा हात वर केला. "तू कागदावरच्या चुका बघ." झालं. छाटणी मात्र मलाच करायची होती, कारण दुसरं कुणी नव्हतं. माझी पाळी दुपारची, सकाळ मोकळी. ते स्टुलावर बसणार, मी कापणार.

त्या दहा सकाळींत मी जेवढा गुलाब शिकले तेवढा सव्वीस वर्षांत शिकले नव्हते. हायब्रिड टी कापताना ते दयामाया दाखवू देत नसत: तीन फांद्या ठेव, बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या वर तिरका काप, वीतभर. फ्लोरिबंडाला थोडं जास्त ठेव, त्याला माणसं पुष्कळ पोसायची आहेत. मिनिएचरला केस कापल्यासारखं नुसतं वरून. वेल-गुलाबाच्या जुन्या मुख्य फांद्यांना धक्का लावायचा नाही, फक्त बाजूच्या आखूड कर. मी कापता कापता थांबले. "याला का नाही वीतभर?"

"हा जुन्या फांदीच्या जिवावर फुलतो. ती कापलीस तर वर्ष गेलं."

हे ते स्वतः बोलले. स्वतःच्या तोंडानं. मी त्यांच्याकडे बघत राहिले, त्यांना काही जाणवतं का म्हणून. ते कमानीकडे बघत होते.

दहाव्या दिवशी कोपरा उरला. ऊन चढलं होतं, त्यांचा हात ठणकत होता, आणि ते कमानीच्या सावलीतून उठायला तयार नव्हते. "तेवढं एक राहिलंय, करून टाक. वीतभर. कापलेल्या काड्या इथं आण, मला बघू दे."

मी सिकेटर घेऊन गेले. फांद्या माझ्या डोक्यावर गेलेल्या. मी पहिल्या फांदीच्या बुंध्याशी पातं लावलं आणि माझा हात चालेना. कापलं तर सगळं संपलं, नाही कापलं तर बाबांच्या शब्दाबाहेर पहिल्यांदा पाऊल. मागच्या दारात आई उभी होती. तिनं मला कापू नको असं सांगितलं नाही, काप असंही नाही. ती नुसती उभी होती, दाराच्या चौकटीला धरून.

मी मेलेल्या दोन काटक्या काढल्या. बाकीच्या फांद्या एकेक वाकवून भिंतीला आडव्या बांधल्या, दोन्ही हातांचं रक्त काढून घेत. मग कमानीमागच्या ढिगाऱ्यातून वेल-गुलाबाच्या कापलेल्या लांब फांद्यांचा भारा उचलला आणि बाबांपुढे नेऊन टाकला.

टाकल्यावर मला समजलं की मी काय गाढवपणा केला. वेल-गुलाबाचा काटा जाड आणि वाकडा, मांजराच्या नखासारखा. आईच्या गुलाबाला काटे नव्हतेच, सुया होत्या, बारीक आणि सरळ. शाळेच्या पोरालाही फरक कळला असता. बाबांनी डाव्या हातानं एक फांदी उचलली. अंगठा तिच्यावरून खाली नेला, एका काट्याशी थांबले, पुन्हा वर नेला. पंप घरघरत होते.

"ठीक आहे," ते म्हणाले, आणि फांदी ढिगात टाकली.

त्यांना दुखण्यानं भान नव्हतं असं मी स्वतःला सांगितलं. पण पाय तर मोडले नव्हते; ते कधीही मागच्या दारी येऊन बघू शकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तो आईनं कोपऱ्यात दोरी बांधली होती आणि भिंत चादरींनी झाकून टाकली होती. तिसऱ्या दिवशीही चादरी. चौथ्या दिवशी धुतलेल्याच चादरी पुन्हा ओल्या करून घातल्या. तिनं माझ्याशी या विषयावर एक अक्षर काढलं नाही, मीही नाही. आठवड्यानं बाबा जेवताना म्हणाले, "या घरात एवढ्या चादरी आहेत हे मला निवृत्त होताना कळतंय."

"जायच्या आधी सगळं धुवून न्यावं लागतं," आई म्हणाली. त्या महिन्यातलं तिचं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

महिना गेला. बागेतल्या थोटकांना तांबडी फूट आली, मग पानं, मग कळ्या. मी रोज सकाळी चादरीआड जाऊन बघे. पानं, नुसती पानं. सहावा आठवडा गेला. सातव्यात हायब्रिड टीचं पहिलं फूल उमललं. आईच्या गुलाबाच्या आडव्या फांद्यांवर डोळ्याडोळ्यातून आखूड फुटी उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या टोकाला काही नव्हतं. खोल्यांमधे खोकी भरून होऊ लागली. आईनं आपले कपडे वेगळ्या पेटीत भरले, मावशीकडच्या पेटीत. ती पेटी दारामागे उभी होती, आणि बाबा दर वेळी तिला वळसा घालून जात.

नवव्या आठवड्यात एका फुटीच्या टोकाला मला काहीतरी दिसल्यासारखं वाटलं म्हणून मी खाली वाकले. टाचणीच्या डोक्याएवढी कळी. मग दुसरी दिसली. मग मी मोजणं सोडून दिलं, कारण प्रत्येक फुटीवर घोस होते आणि फुटी शेकड्यांनी होत्या.

मी आनंदानं आईकडे धावणार होते. दाराशी पोचले आणि थांबले. आतून बाबांचा आवाज येत होता. ते निरोपाच्या दिवशीच्या फेरीची तालीम करत होते. "आणि ही आमची सासुरवाडी..." असं म्हणून ते आपले आपणच हसले. एवढे दिवस मी फक्त आईचा विचार केला होता. आता ते फूल उमलणार, आणि ज्या माणसाकडे सगळं केंद्र गुलाबाचं ज्ञान विचारायला येतं, त्याला कळणार की त्यानं आपल्या बायकोचं माहेर अठरा वेळा स्वतःच्या हातानं कापलं, वर तिलाच हसला. मी त्यांची चूक सिद्ध करायला निघाले होते. चूक सिद्ध झाल्यावर माणसाचं काय करायचं, हे छापखान्यात शिकवत नाहीत. मी कुणाला काही सांगितलं नाही.

महिन्याभरानं निरोपाचा दिवस आला, शनिवार. पहाटे मी चादरी काढून टाकाव्यात की ठेवाव्यात या विचारानं उठले आणि मागच्या दारी आले. दोरी रिकामी होती. चादरी घडी घालून पायरीवर ठेवल्या होत्या. भिंत दिसत नव्हती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरी, किंचित गुलाबी, बोराएवढी फुलं, घोसावर घोस, आणि मधमाश्या एवढ्या की पंपांचा आवाज मागे पडला होता. समोर बाबा उभे होते. प्लास्टर निघालेला हात बारीक आणि पांढुरका दिसत होता.

"वेल-गुलाबाचा काटा वाकडा असतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"चाळीस वर्षं काटे खाल्लेत मी."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी एक फांदी हलकेच बाजूला केली. मग म्हणाले, "त्या दिवशी कमानीपाशी तू विचारलंस, याला का नाही वीतभर. मी उत्तर दिलं. आणि मग ते उत्तर मला झोपू देईना." ते वळले. "दहाला फेरी आहे. तुझ्या आईला म्हणावं, आज चहा टाकायला आत जाऊ नको."

फेरीत काय बोलणार, ते मला विचारायचा धीर झाला नाही.

दहाला सगळे जमले: मोठे साहेब, पंपावरचे, टाक्यांवरचे, हिशेबनीस बाई, त्यांच्या घरची माणसं. बाबा इस्त्रीच्या शर्टात. थोरला जावई झाला, एकत्र कुटुंब झालं, शेंडेफळ, आत्याबाई. आवाज नेहमीसारखाच मोठा, पण मी प्रूफवाली. कुठं शब्द गळतोय ते मला कळत होतं. कमानीपाशी ते फांदी वाकवून दाखवायला विसरले. आई सगळ्यांच्या मागे चालत होती. फेरी क्वार्टरला वळसा घालून कोपऱ्यात आली आणि पुढचे लोक एकदम थांबले. मागचे त्यांच्यावर आदळले. कुणीतरी 'अरे बापरे' म्हणालं.

बाबांनी घसा साफ केला.

मोठे साहेब सवयीनं हसायला लागले. कुणीतरी त्यांना साथ दिली.

"साहेब, हसू नका," बाबा म्हणाले. एवढ्या वर्षांत साहेबांना त्यांनी अशा आवाजात काही सांगितलेलं कुणी ऐकलं नव्हतं. हशा तिथंच मेला. "ही एक जात मी तुम्हाला कधी सांगितली नाही, कारण मला ती माहीत नव्हती. हा जुना गुलाब. वर्षातून एकदाच फुलतो, आणि मागच्या वर्षीच्या फांदीवर फुलतो. ती कापली तर तो फुलत नाही. मी ती अठरा वर्षं कापली, आणि वर तुमच्यासमोर त्याला नावं ठेवली." ते थांबले. हात कुठे ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं. "हिनं मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. झाडात खोट नव्हती. माझ्यात होती."

सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या, आणि मला वाटलं, आता ही आत जाणार, पेटी उचलणार. ती लोकांमधून वाट काढत पुढे आली. फुलांपाशी उभी राहिली. बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली, मग बाबांकडे वळली आणि हुबेहूब त्यांच्या फेरीच्या सुरात, हात पसरून, पंपांवरही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आणि हे आमचे हे. जात तीच. अठरा वर्षं नुसते काटे, पण फुलले एकदाचे!"

साहेब आता हसावं की नाही म्हणून बाबांकडे बघायला लागले. बाबा हसत होते, आणि त्यांचे डोळे वाहत होते, आणि ते पुसायला त्यांच्या लक्षातच येत नव्हतं.

मंडळी चहाकडे गेल्यावर ते आईला म्हणाले, "एक कुंडी रिकामी करतो म्हणालो होतो. पण भर फुलात मुळासकट काढला तर जगायचा नाही, आणि सोमवारी भिंत पडतेय. आधी ऐकलं असतं तर वेळेवर काढता आला असता." एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. "काड्या घेऊ. लागतील काड्या."

आईनं हात पुढे केला. बाबांनी खिशातून सिकेटर काढून तिच्या हातावर ठेवली. अठरा वर्षांत तिनं त्या झाडाला पहिल्यांदा पातं लावलं.

"केवढी घेऊ?"

"वीतभर," ते म्हणाले, आणि सवयीनं उजवा पंजा ताणायला गेले. मोडलेलं मनगट पुरतं वळेना.

"राहू द्या," आई म्हणाली. तिनं आपला पंजा फांदीवर पसरला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि तिथं कापलं. "आता माझी वीत."